हिमप्रदेशातील रानफुले आणि आपल्या घरचे बियाणे

मृग नक्षत्र जवळ आले की गावोगावी बियाण्याची चर्चा सुरू होते. कोणी पाहुण्यांच्या गावाहून तुरीचे बी मागवितो, कोणी बाजारातून पिशवी आणतो, तर कोणी कणगीत राखेत घोळवून ठेवलेले घरचेच बी बाहेर काढतो. पुढे पीक चांगले आले म्हणजे एकजण म्हणतो, "बी बदलले म्हणून साधले", दुसरा म्हणतो, "जमीनच कसदार, तेथे काहीही पेरले असते तरी आले असते." दोघांच्याही म्हणण्यात थोडेबहुत तथ्य असते, परंतु जमिनीचा गुण किती आणि बियाण्याचा गुण किती, याचा निवाडा पारावरच्या वादाने होत नाही. या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर ज्या संशोधनातून मिळाले, ते कोणत्याही पिकावरचे नसून थंड देशांतील व बर्फाळ डोंगरांवरील रानफुलांवरचे आहे, हे वाचून आमच्या वाचकांस नवल वाटेल. छत्रपती संभाजीनगरच्या उन्हाने भाजणाऱ्या माळावरील शेतकऱ्यास हिमप्रदेशातील फुलांशी काय कर्तव्य, अशी शंका येणे साहजिक आहे. लेख शेवटपर्यंत वाचल्यावर ती राहणार नाही, अशी आम्हांस आशा आहे.

हिमप्रदेशातील वनस्पतींचा संसार

प्रथम त्या प्रदेशाचे स्वरूप ध्यानात घेऊ. हिमालयाच्या उंच भागांत, तसेच पृथ्वीच्या उत्तर टोकाकडील देशांत, वर्षाचे बहुतेक महिने जमीन बर्फाखाली असते. बर्फ वितळून पुन्हा पडेपर्यंत वनस्पतीला जो अवधी मिळतो, तो पुष्कळदा दोन-तीन महिन्यांहून अधिक नसतो. तेवढ्या काळात पालवणे, फुलणे, फळणे आणि बी पिकविणे हे सर्व उरकावे लागते. आपल्याकडे हलक्या मुरमाड रानातील पिकाची जी स्थिती, तीच तेथे. भेद इतकाच की आपले पीक ओल संपण्यापूर्वी पदरात पडावे लागते आणि त्यांचे हिम पडण्यापूर्वी.

म्हणून तेथील झाडे बहुधा बुटकी, जमिनीला बिलगून राहणारी असतात. कित्येकांच्या अंगावर दाट लव असते. ती त्यांना घोंगडीसारखी उपयोगी पडते. आपल्याकडे अनेक घरांच्या अंगणात कुंडीतील 'ब्रह्मकमळ' पावसाळ्यातील एखाद्या रात्री उमलते आणि शेजारीपाजारी ते पाहावयास जमतात. ते झाड वस्तुतः अमेरिका खंडातून आलेले एक निवडुंग आहे. खरे ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर होते आणि ते उत्तराखंडाचे राज्यपुष्प आहे. त्याच्या फुलांच्या गुच्छाभोवती कागदासारख्या पातळ, फिकट पानांचे आवरण असते व त्या आवरणाच्या उबेत फूल थंडीपासून सुरक्षित राहते. या खऱ्या ब्रह्मकमळाच्या एका भाऊबंदाची गोष्ट पुढे यावयाची आहे.

एका बागेतील परीक्षा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. डोंगरावरील झाड बुटके का? तेथील थंडीने ते खुरटले, की बुटकेपणा त्याच्या बियाण्यातच आहे? खाली आणून चांगल्या मातीत लावले तर ते उंच होईल काय?

स्वीडन देशातील टुरेसन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने या शतकापूर्वीच्या काळात याची परीक्षा घेण्याचा अगदी साधा मार्ग काढला. एकाच जातीची झाडे त्याने निरनिराळ्या ठिकाणांहून, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूतून, खडकाळ कड्यांवरून व रानांतून आणली आणि ती सर्व एकाच बागेत, एकाच मातीत शेजारी शेजारी लावली. भेद केवळ जागेमुळे असता तर काही काळाने सर्व झाडे सारखी दिसू लागली असती. तसे झाले नाही. वाळूतून आलेली झाडे आपले रूप राखून राहिली आणि रानातून आलेली आपले. १९२२ साली त्याने असे प्रतिपादन केले की, एकाच जातीत जागोजागच्या हवापाण्यास जुळलेल्या निरनिराळ्या पोटजाती असतात आणि त्यांचे वेगळेपण आनुवंशिक असते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात क्लॉसन, केक व हाइसी या तिघांनी हीच परीक्षा अधिक कसोशीने केली. त्यांनी तीन ठिकाणी बागा केल्या: एक समुद्रसपाटीपासून सुमारे ३० मीटर उंचीवर, दुसरी १४०० मीटरांवर आणि तिसरी ३०५० मीटरांवर, जेथे वृक्षांची वाढ संपत येते व बर्फाचे राज्य सुरू होते. त्यांनी एकाच झाडाचे फुटवे वेगळे करून ते तिन्ही बागांत लावले. फुटवे एकाच झाडाचे, म्हणून बियाणे तंतोतंत एक. बदलली ती फक्त जागा. तसेच निरनिराळ्या उंचींवरील झाडे एका बागेत एकत्र लावली. तेथे जागा एक आणि बियाणे वेगळे. या दोन्ही बाजूंनी केलेल्या परीक्षेमुळे जमिनीचा हिशेब आणि बियाण्याचा हिशेब वेगवेगळा मांडता आला. त्यांचे मुख्य ग्रंथ १९४० व १९४८ साली प्रसिद्ध झाले.

निष्कर्ष असा निघाला. जागा बदलली म्हणजे झाडाची उंची, पानांचा आकार, फुलण्याची वेळ ही काही अंशी बदलतात, हे खरे. परंतु डोंगरावरील झाड खाली आणले म्हणून ते सखल भागातील झाडासारखे होत नाही. तळच्या बागेत हिवाळा सौम्य असूनही डोंगरावरची झाडे हिवाळा येताच वाढ थांबवून निद्रिस्त होत. कारण थंडीत झोपी जाण्याचा संस्कार त्यांच्या बियाण्यातच होता. उलटपक्षी, समुद्रकाठची धिप्पाड झाडे वरच्या बागेत नेली असता तेथील हिवाळ्यात टिकेनात. जी वेळ डोंगरावरील झाड झोपून काढते, त्या वेळी ती वाढत राहू पाहत, आणि त्यांचा नाश होई.

गव्हाच्या उदाहरणाने हे आपल्या वाचकांस चटकन पटेल. युरोपातील पुष्कळ गहू पेरणीनंतर कित्येक आठवड्यांची कडक थंडी भोगल्यावाचून ओंबी धरीत नाहीत. असा गहू आपल्याकडे नोव्हेंबरात पेरला तर तो गवतासारखा फुटवे करीत राहील व ओंबी येण्यापूर्वीच उन्हाळा येईल. त्या देशात हा गुण राखणदारासारखा आहे. हिवाळा संपण्यापूर्वी कोवळी ओंबी बाहेर पडून हिमाने करपू नये, ही त्याची योजना. आपल्या देशात तोच गुण दोष ठरतो. सारांश, बियाणे स्वतः चांगले किंवा वाईट असे नसते. ते अमुक जागेसाठी चांगले असते.

हे जुळणे घडते कसे?

येथे वाचक विचारतील की, झाडाला जागेशी जुळवून कोण घेते? डोंगरावर गेलेले झाड विचार करून स्वतःला बुटके करून घेते काय? तसे नाही. कोणत्याही रानटी जातीतील सर्व झाडे अगदी एकसारखी कधीच नसतात. प्रत्येक बियाण्यात आईबापांकडून आलेल्या जनुकांची मांडणी थोडी वेगळी असते आणि क्वचित एखाद्या जनुकात नवा बदलही घडतो. म्हणून शंभर रोपांत काही उंच, काही ठेंगणी, काही लवकर फुलणारी, काही उशिरा फुलणारी निघतात. सखल भागातील हे मिश्र बी वाऱ्याने डोंगरावर गेले, तर उशिरा फुलणारी झाडे बी धरण्यापूर्वी हिमात सापडतात; लवकर फुलणारी बी टाकून जातात. पुढील वर्षी जमिनीत बी उरते ते त्यांचेच. असे पिढ्यान्‌पिढ्या घडले म्हणजे तो समुदायच लवकर फुलणारा होतो. हीच नैसर्गिक निवड आणि तिच्यातून होणारा जातीतील पालट म्हणजे उत्क्रांती. यात झाडाचा हेतू नसतो. निसर्ग केवळ चाळणी धरतो. चाळणीत पडणारे धान्य मिश्र असेल तरच तिच्यातून काही वेगळे निघते.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. डेन्मार्कच्या योहानसेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९०३ साली घेवड्यावरील प्रयोगांनी दाखविले की, एकाच स्वपरागित झाडापासून वाढविलेल्या शुद्ध वाणात मोठे दाणे निवडून पेरले काय आणि लहान दाणे निवडून पेरले काय, पुढील पिकाच्या दाण्यांची सरासरी सारखीच येते. वाणात आनुवंशिक विविधताच नसेल तर निवडीला काही काम उरत नाही. विविधता हे निवडीचे भांडवल आहे. ते संपले की व्यापार बंद.

हिमप्रदेशातील वनस्पतींनी हे भांडवल वाढविण्याचे आणखी एक साधन वापरलेले दिसते. दोन जातींचा संकर होऊन त्यांच्या गुणसूत्रांची संख्या कधी कधी दुप्पट होते व एक नवीन जात एकदम उभी राहते. उत्तर ध्रुवाकडे जावे तसतसे अशा बहुगुणित जातींचे प्रमाण वाढत जाते, असे आढळून आले आहे. पण यासाठी ध्रुवाकडे जाण्याची गरज नाही. उदाहरणे आपल्या शेतातच आहेत. आपल्या गावरान कापसाची गुणसूत्रे २६, अमेरिकन कापसाची ५२. खपली व बन्सी गव्हाची २८, तर नेहमीच्या पोळीच्या गव्हाची ४२. कारण २८ गुणसूत्रांच्या गव्हाचा एका रानगवताशी संकर होऊन तो उत्पन्न झाला. आपल्या ताटातील पोळीत एका रानटी गवताचा वाटा आहे, हे किती शेतकऱ्यांस ठाऊक असेल?

बी झोपवून ठेवण्यातही ही झाडे वाकबगार असतात. २०१२ साली रशियन शास्त्रज्ञांनी सैबेरियातील गोठलेल्या जमिनीत, खारीच्या जातीच्या प्राण्यांनी पुरून ठेवलेल्या फळांतील सजीव पेशींपासून एका रानफुलाची झाडे वाढविली. ती फळे सुमारे ३२ हजार वर्षांपूर्वीची होती. झाडे वाढली, फुलली आणि त्यांचे बी उगवलेही. त्या फुलांच्या पाकळ्या आजच्या त्याच जातीच्या फुलांहून किंचित निराळ्या निघाल्या. मधल्या काळात जात किती पालटली, हे अशा रीतीने प्रत्यक्ष शेजारी ठेवून पाहता आले.

माणसाच्या हातची चाळणी

आतापर्यंत चाळणी धरणारा निसर्ग होता. आता माणसाने धरलेल्या चाळणीकडे पाहू.

तिबेट व त्यालगतच्या चिनी डोंगरांत हिमकमळ नावाची एक औषधी वनस्पती होते. वर सांगितलेल्या ब्रह्मकमळाची ती सख्खी भाऊबंद. ती आयुष्यात एकदाच फुलते व मरते. औषधासाठी तिला फुलावर असतानाच उपटतात आणि मोठ्या झाडास मोल अधिक म्हणून मोठीच आधी उपटली जातात. संशोधकांनी गेल्या सुमारे शंभर वर्षांत संग्रहालयांत वाळवून ठेवलेले नमुने मोजले, तेव्हा या झाडांची उंची उत्तरोत्तर घटत गेल्याचे दिसले. जेथे देवस्थानामुळे तोड होत नव्हती, तेथील झाडे आजही मोठी आढळली. जेथे तोड फार, तेथली बुटकी. याच कुळातील ज्या दुसऱ्या जातीला बाजारात तितकी मागणी नव्हती, तिची उंची घटलेली नव्हती. हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झाले. याचा अर्थ उघड आहे. उंच झाडे बी टाकण्यापूर्वीच बाजारात गेली. बी टाकावयास मागे राहिली ती खुजी. माणसाला मोठी झाडे हवी होती आणि आपल्याच हाताने त्याने खुज्यांची पैदास केली.

त्याच डोंगरांत दगडगोट्यांच्या उतरणीवर होणारे आणखी एक कंदवर्गीय फूलझाड आहे. त्याचा कंद औषधासाठी दोन हजारांहून अधिक वर्षे खणला जात आहे. जेथे खणणारे पोचत नाहीत तेथे त्याची पाने हिरवीगार असतात. जेथे खूप खणले जाते तेथे ती भोवतीच्या दगडांसारखी करडी व तपकिरी झालेली आढळतात. हिरवे झाड चटकन दिसते व जाते. दगडात मिसळणारे चुकते व बी धरते. २०२० साली हे प्रसिद्ध झाले.

आपल्या डोंगरांत काय आहे?

आमच्या जिल्ह्यात हिम पडत नाही. पण येथेही चाळणी आहेच. ती थंडीची नसून कोरड्या उन्हाची आहे. चार महिन्यांचा पाऊस आणि पुढे आठ महिने तापणारा खडक, यांत टिकणारी झाडे म्हैसमाळच्या माथ्यावर, गौताळ्याच्या रानात व सातमाळ्याच्या रांगेत पाहावयास मिळतात. मराठवाड्यातील वनस्पतींची मोठी नोंद डॉ. वि. ना. नाईक यांनी केली असून ती १९९८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाली. बर्फाळ डोंगरावरील झाड जसे हिवाळ्यात जमिनीखाली झोपते, तशी आपल्या माळावरील खर्पुडी कंदाच्या रूपाने उन्हाळाभर झोपते व पाऊस पडताच वेल वर काढते. तिची फुले लहान कंदिलासारखी दिसतात. या एकाच जातीत काही झाडांची पाने गोलसर रुंद, तर काहींची अगदी अरुंद व लांबट असतात. रानातील विविधतेचे याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण. परंतु खर्पुडीचे कंद गोड म्हणून खणून खाल्ले जातात. फुलण्यापूर्वीच कंद निघाला तर बी कोठून पडणार? हिमकमळाची गोष्ट येथे घडावयास वेळ लागणार नाही.

सह्याद्रीवरील कारवी हेही एक उदाहरण. ती सात-आठ वर्षे नुसती वाढते, मग सारे डोंगर एकदम जांभळे करून बी टाकते व मरते. २००८, २०१६ व २०२४ साली हा बहर पुष्कळांनी पाहिला. हे वर्ष मोजण्याचे घड्याळ तिच्या बियाण्यातच आहे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र सर्वांत मोलाचे झाड बांधावरच्या झुडपांत वेटोळे घालून पडलेले असते. ती रानतूर होय. तिच्या शेंगा वाळताच फुटतात व दाणे एकसमयी उगवत नाहीत, म्हणून पीक या नात्याने ती निरुपयोगी. परंतु तिच्या शेंगांवर दाट लव असते आणि तिच्या कित्येक प्रकारांत शेंगा पोखरणाऱ्या घाटे अळीला तोंड देण्याचा गुण आढळला आहे. आपल्या तुरीशी तिचा संकर होऊ शकतो. हैदराबादेजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तुरीच्या संकरित वाणांसाठी रानटी भाऊबंदांचाच उपयोग केला. जालना जिल्ह्यातील बदनापूरच्या संशोधन केंद्राने दिलेले बीएसएमआर ७३६ सारखे वाण मर व वांझ या दोन्ही रोगांस तोंड देतात. रोगाला तोंड देण्याचा असा गुण शोधावयाचा तर आधी नाना प्रकारचे बी हाताशी असावे लागते. बांध पेटवून किंवा तणनाशक मारून आपण जेव्हा सारे साफ करतो, तेव्हा उद्याच्या वाणाचे भांडवलही जळत असते. ते सांभाळण्याचे सरकारी काम राष्ट्रीय वनस्पती जनुकसंपदा संस्था करते व तिचे एक केंद्र अकोल्यास आहे. पण पेटीतील बी झोपलेले असते, बांधावरचे दरवर्षी हवापाण्याशी झगडून जुळत असते. दोन्ही हवीत.

घरच्या बियाण्यास लावावयाचा धडा

आता आम्ही आरंभीच्या प्रश्नाकडे येतो. हिमकमळाची चूक आपल्या घरी किती सहज होते, ते पाहा. टपोरा, एकसारखा माल बाजारात जातो आणि खळ्याच्या कडेला उरलेला बियाण्यासाठी राहतो. मिश्र गावरान वाणात हे दहा वर्षे चालले तर "बी उतरले" असे आपण म्हणतो. बी आपोआप उतरत नाही. आपण ते उतरवितो. यासाठी पुढील गोष्टी आमच्या वाचकांनी अवश्य कराव्या.

पहिली, बियाण्याची निवड खळ्यावर न करता उभ्या पिकात करावी. निरोगी, वेळेवर पिकलेली, भरपूर शेंगांची किंवा भरदार कणसांची झाडे चिंधी बांधून राखावी व त्यांची मळणी वेगळी करावी.

दुसरी, उकिरड्याच्या जागेवरील, पाटाच्या कडेचे किंवा एकटे वाढलेले धिप्पाड ताट निवडू नये. त्याचा जोम खताचा व मोकळ्या जागेचा असतो. तो बियाण्यात उतरत नाही. रानाच्या मध्यभागी, सर्वसाधारण जमिनीत, शेजाऱ्यांच्या दाटीतही जे सरस ठरले तेच खरे. कॅलिफोर्नियातील तीन बागांचा हाच बोध आहे.

तिसरी, एकच झाड किंवा चारदोन कणसे घेऊन थांबू नये. ज्वारी, बाजरी, तूर यांत शेकड्याने झाडे निवडावी, म्हणजे विविधता शिल्लक राहते. गहू, हरभरा यांच्या सुधारलेल्या शुद्ध वाणात निवडीने फारशी प्रगती होणार नाही. तेथे भेसळीची झाडे उपटून शुद्धता राखणे एवढेच काम आहे. संकरित बियाण्याचे पीक मात्र पुन्हा बियाण्यासाठी राखू नये. त्याची पुढील पिढी विस्कटते. तुरीत मधमाश्यांमुळे परपरागण होते, म्हणून बियाण्याचे रान दुसऱ्या वाणापासून दूर असावे.

चौथी, परगावचे बी एकदम साऱ्या रानात पेरू नये. घरच्या बियाण्याशेजारी, एकाच जमिनीत, एकाच दिवशी, दोन-चार ओळी पेरून पाहाव्या. टुरेसनने बागेत केले तेच आपण वावरात करावयाचे. काळ्या खोल जमिनीत उशिरा येणारा वाण सरस ठरेल. हलक्या मुरमाड रानात ओल संपण्यापूर्वी निघणारा बीडीएन ७११ सारखा लवकरचा वाण बाजी मारील. निवाडा दोन हंगामांचा घ्यावा, कारण एक वर्ष पावसाचे असते व दुसरे उघडिपीचे.

आपण राखलेले बी पेरण्याचा, देण्याघेण्याचा, तसेच नाममुद्रेवाचून विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने मान्य केला आहे. पण जे घरात उरलेच नाही, त्यावरील हक्क काय कामाचा? २०१२ नंतरच्या दुष्काळांत मराठवाड्यातील किती घरांच्या कणग्या रिकाम्या झाल्या, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पुढील काळात ऊन-पाऊस आणखी लहरी होणार असे जाणते लोक सांगतात. त्या वेळी कोणते झाड टिकेल, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. म्हणूनच अनेक प्रकारची झाडे हाताशी असावी लागतात. यंदा सुगीच्या वेळी बाजाराची गाडी भरण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या रानातील सर्वांत सरस शंभर झाडांना चिंधी बांधावी आणि बांधावरच्या रानतुरीवर विळा चालविण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढीच आमची विनंती आहे.